इलॅस्टिकचा पट्टा की हवेचा कफ? बीएफआर व्यायामासाठी काय घ्यावे

गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू किती झपाट्याने आटतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना रक्तप्रवाह अंशतः रोखून करायच्या व्यायामाचे, म्हणजे बीएफआरचे, आकर्षण का वाटते हे वेगळे सांगायला नको. ताकद वाढवण्यासाठी एरवी कमाल क्षमतेच्या ६० ते ७० टक्के किंवा त्याहून अधिक वजन घ्यावे लागते आणि तेच दुखऱ्या गुडघ्याला सोसत नाही. इथे २० ते ३० टक्क्यांत काम भागते. प्रश्न उरतो तो मांडीला बांधायचे काय, एवढाच. मी पहिले पाच आठवडे इलॅस्टिकचा पट्टा वापरला आणि नंतर हातपंपाने हवा भरायच्या, दाबमापक असलेल्या कफकडे वळलो.

पट्टा स्वस्त असतो, बॅगेच्या कोपऱ्यात मावतो आणि त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. या पद्धतीचे जनक, जपानचे योशिआकी सातो यांनी १९६०च्या दशकात स्वतःच्या शरीरावर प्रयोग सुरू केले, तेही दोर, पट्टे आणि सायकलच्या ट्यूब बांधूनच. त्यामुळे पट्ट्याला कमअस्सल ठरवण्याचा माझा हेतू नाही.

माझे बिनसले ते ‘दहापैकी सात’ या मापावर. पट्टा बांधताना घट्टपणा दहापैकी सात वाटेल इतका ठेवावा, असा प्रघात आहे. पहिल्या आठवड्यात माझे सात म्हणजे सौम्य आवळ होता. सवय झाली तसा तोच आवळ मला पाचासारखा वाटू लागला आणि मी नकळत पट्टा अधिकाधिक ओढू लागलो. पट्ट्यावर पेनाने खूण करून पाहिली, पण इलॅस्टिक सैल होत गेले आणि गुडघ्याची व मांडीची सूज रोज वेगळी असल्यामुळे त्या खुणेला अर्थ उरला नाही. एकदा दुसऱ्याच सेटमध्ये पाऊल बधिर झाले म्हणून पट्टा मध्येच सोडावा लागला. दोन दिवसांनी ३०, १५, १५, १५ अशी सगळी ७५ आवर्तने झाली तरी स्नायूत जळजळ जाणवली नाही. शिरांतून परतणारे रक्त अडावे, पण धमनीतून येणारे पूर्ण थांबू नये, असा हा नाजूक बेत आहे. त्यात आजची प्रगती माझी की पट्ट्याची, हेच कळेनासे झाले तेव्हा मी वैतागलो.

कफचे तसे नाही. फिजिओथेरपिस्टने डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणारे उपकरण, लावून माझ्या मांडीतला प्रवाह पूर्ण थांबण्याचा दाब मोजला, तो १८० मिमी पारा भरला. त्याच्या ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहायचे असते. मी ६० टक्क्यांनी, म्हणजे साधारण ११०ने सुरुवात केली. शिवाय कफ रुंद असल्याने कमी दाबात परिणाम साधतो आणि अरुंद पट्ट्यासारखा कातडीत रुतत नाही. त्याच्याही तक्रारी आहेत: नळी मध्ये येते, हवा हळूहळू उतरते, म्हणून सेटमधल्या ३० सेकंदांच्या विश्रांतीत काट्याकडे पाहावे लागते, आणि झोपून मोजलेला दाब उभ्याने करायच्या व्यायामाला तसाच लागू होईल, असे धरता येत नाही. दाब आपोआप राखणारी यंत्रे अर्थातच अधिक नेमकी असतात, पण घरी एकट्याने वापरायला तेवढा खर्च मला आवश्यक वाटला नाही.

धडधाकट माणसाला जिममध्ये दंडासाठी अधूनमधून हा प्रकार करायचा असेल, तर पट्टा कदाचित पुरेसा ठरेल. शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या पायासाठी मात्र, माझ्या अनुभवापुरते बोलायचे तर, मी कफच सुचवेन. पूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय दोहोंपैकी काहीच बांधू नये.

सूज उतरते, मांडी भरू लागते, तसा पूर्ण रोधाचा आकडाही बदलतो. म्हणून मी दर दोन आठवड्यांनी तो पुन्हा मोजून घेतो आणि वहीत वजनाशेजारी दाबही लिहितो. पट्ट्याच्या पाच आठवड्यांत त्या रकान्यात लिहिण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते.