बांधावर सावर की पांगारा?

लाल फुलांचं, काटेरी, पानगळीचं झाड बांधावर लावायचं ठरलं की सोलापूरच्या बाजूला बहुतेकांची गाडी याच दोन नावांवर येऊन थांबते. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकते तोवर सावरीची पानं गळालेली असतात, पांगाराही मागोमाग ओका होतो. मार्चपर्यंत दोन्ही फुलून जातात आणि भोरड्या, साळुंक्या, कावळे दोन्हींवर सारखेच तुटून पडतात. फुलं आणि पाखरं पाहून निवड करायची तर नाणं उडवलं तरी चालेल. (फुलांतला मध मिळाला म्हणून भोरड्या शेजारची ज्वारी सोडतील, या भ्रमात मात्र राहू नये.)

खरा फरक काट्यांचा आहे, आणि तो रोपवाटिकेत कळत नाही.

बाभळीचा काटा म्हणजे पानाच्या बुडाशी असणाऱ्या उपपर्णाचं बदललेलं रूप. तो आतल्या लाकडाशी जोडलेला असतो. सावर आणि पांगारा यांचे काटे नुसते सालीवरचे. सावरीचा जुना काटा अंगठ्याने बाजूला रेटला की टपकन निघतो, मागे चपटा वण राहतो. हा काटा बुडाशी रुंद, शंकूसारखा, आणि मुख्यतः खोडावर असतो. लांबूनच दिसतो, त्यामुळे माणूस आणि जनावर दोघंही आपोआप अंतर राखतात. खोड जाड होत जातं तसे खालचे काटे झिजून जातात आणि जुन्या झाडाच्या बुंध्याला भिंतीसारखे आधार फुटतात. पांगाऱ्याचा काटा बारीक, काळा आणि नखासारखा टोकदार. तो कोवळ्या फांद्यांवर असतो. फांदी दोन-चार वर्षांची झाली की तोही गळतो.

मग पांगाराच बरा, असं वाटेल. गोम इथेच आहे. पांगारा लावतात तो छाटण्यासाठी: शेळ्यांना पाला, पिकाला हिरवळीचं खत, पानमळ्यात वेलीला आधार. छाटलं की नवे धुमारे येतात आणि प्रत्येक धुमारा काटे घेऊनच येतो. दरवर्षी छाटलेला पांगारा काट्यांच्या बाबतीत म्हातारा होतच नाही. त्यात छाटणी हाताच्या उंचीवर होते, म्हणजे नवे काटे नेमके खांद्याशी आणि डोळ्याशी. खाली पडलेल्या डहाळ्या वाळून बांधावरच्या गवतात दडतात आणि पायात जातात. आमच्या मते एवढी एक कटकट निवड ठरवायला पुरेशी आहे. ज्यांना छाटायचंच नाही, त्यांचं मत वेगळं असू शकेल.

पांगाऱ्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तो शेंगवर्गातला, मुळांवरच्या गाठींत नत्र धरणारा. मनगटाएवढ्या जाडीची, 5-6 फुटांची फांदी तोडून सावलीत दोन-तीन दिवस ठेवावी, कापलेलं टोक सुकू द्यावं आणि पावसाच्या तोंडावर दीड फूट खोल रोवावी. कुंपण उभं राहतं. इथे दोन चुका नेहमीच्या. फांदी उलटी रोवली जाते. किंवा पानं फुटली म्हणून ती जगली असं समजून पाणी बंद केलं जातं. ती पहिली पानं फांदीतल्या साठ्यावर येतात, मुळं नंतर फुटतात. शिवाय फांदीपासून केलेल्या झाडाला सोटमूळ नसतं. लाकूड आधीच ठिसूळ, त्यात वळवाचा वारा. फांद्या मोडणं ठरलेलं. उभं मोठं झाड हवं असेल तर बीच लावावं. टणक टरफल थोडं घासून बी रात्रभर भिजत घालावं. बिया कच्च्या विषारी असतात, मुलांपासून लांब ठेवाव्यात.

आणखी एक दुखणं म्हणजे गाठी करणारी गांधीलमाशी, क्वाड्रॅस्टिकस एरिथ्रिनी. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं 2004 मध्ये. जेमतेम दीड मिलिमीटरची ही माशी कोवळी पानं आणि देठ यांत अंडी घालते, पान सुजून वेडंवाकडं होतं. छाटणीनंतरची कोवळी फूट तिला आयतीच मिळते. सुजलेली फूट तोडून जाळणं एवढंच सामान्य शेतकऱ्याच्या हातात असतं. कोरड्या माळाला बूच पांगारा, म्हणजे जाड बुचासारख्या सालीचा, आम्हाला जास्त सोसणारा वाटतो.

सावरीला दोन गोष्टी चालत नाहीत: साचलेलं पाणी आणि सावली. चिबड काळ्या रानात तिचं मांसल सोटमूळ कुजतं. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्यावा, तळाला मुरूम टाकावा आणि जागा बांधाच्या उंच अंगाला धरावी. बी ताजंच पेरावं, ठेवलेलं बी लवकर निकामी होतं. पिशवी लांबट घ्यावी. आखूड पिशवीत सोटमूळ वळतं आणि पुढे झाड खुरटतं. विकत रोप घेताना हिरवट खोडाची, फिकट फुलांची पांढरी सावर गळ्यात पडत नाही ना, हे पाहावं.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूच्या माळरानावर मात्र दोन्हींपैकी काहीच लावू नये. 1979 पासूनचं माळढोक अभयारण्य तिथे आहे; माळढोकाला मोकळं गवत लागतं, उंच झाडं नव्हेत.

सावरीचा त्रास म्हणजे कापूस. एप्रिल-मेमध्ये बोंडं तडकतात, नेमकी वाळवणाच्या दिवसांत, आणि गच्चीवरच्या कुरडयांना पांढरी लव चिकटते. चादरींच्या या गावात या कापसाचं सूतही निघत नाही, तंतू आखूड आणि गुळगुळीत. म्हणून झाड घरापासून निदान 50-60 फूट, वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावावं. बोंडं तपकिरी पडू लागली की तडकण्याआधी आकडीने उतरवून पोत्यात बांधून उन्हात ठेवावीत. ती पोत्यातच फुटतात, उशांना कापूस मिळतो आणि खाली झडलेलं बी त्याच पावसाळ्यात पेरता येतं.