सोलर बंब की पॅनेल आणि हीट पंप?

साधा गीझर बंद करायचा हे ठरलंय, छतावर ऊनही आहे. गाडी अडते ती पुढे: सरळ पाणी तापवणारा सोलर बंब घ्यावा, की विजेचे पॅनेल टाकून त्यावर हीट पंप चालवावा? मी आठ वर्षं बंब वापरला आणि गेली तीन वर्षं दुसऱ्या वाटेवर आहे. त्यामुळे माझं माप थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, तेवढं धरून वाचा.

बंबाला नावं ठेवायला मात्र जीभ रेटत नाही. पाणी तापतं, हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं, थंड पाणी खाली येतं. मोटर नाही, सर्किट नाही, वीज गेली तरी फरक पडत नाही. क्लॅरेन्स केम्प यांनी अमेरिकेत १८९१ साली सौर बंबाचं पेटंट घेतलं, आणि उन्हाने थेट पाणी तापवायची मूळ कल्पना आजही तीच आहे. अंगावर पडणाऱ्या उन्हातला निम्म्याहून जास्त भाग चांगला बंब पाण्यात उतरवतो. पॅनेलला जेमतेम पाचवा हिस्सा जमतो.

बरेच जण इथेच हिशेब मिटवून बंब घेतात. मीही तेच केलं होतं.

पण हीट पंप वीज जाळून उष्णता करत नाही, तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो. फ्रिजच्या मागे हात धरला की जे ऊन ऊन लागतं, तेच काम इथे टाकीसाठी. एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. म्हणजे पॅनेलचे वीस टक्के गुणिले तीन, साठ टक्के. बंबाच्या शेजारी येऊन बसलाच की! थंडीत हा आकडा तीनवरून खाली घसरतो हे खरं, आणि गारठ्यातच गरम पाणी जास्त लागतं हेही खरं.

एवढ्यावर मी काही बंब उतरवला नसता. मला वैताग आणला तो पाइपने.

आमची टाकी छतावर आणि बाथरूम तीन मजले खाली, घराच्या दुसऱ्या टोकाला. वळणं धरून पाइप पंचवीस मीटर. आतला व्यास २० मिमी असला तर त्यात जवळपास ८ लिटर पाणी मावतं. सकाळी नळ उघडला की आधी हे ८ लिटर गार पाणी बाहेर यायचं. मी मीटर लावून काही मोजलं नाही, बादली लावली. अर्धी भरेपर्यंत हाताला गारच लागायचं.

सुरुवातीला मला फक्त वाया जाणारं पाणी दिसत होतं, म्हणून ती बादली झाडांना घालायचो आणि स्वतःवर खूश असायचो. खरी गोम उशिरा लक्षात आली. नळ बंद केला की पाइपात उरलेलं ८ लिटर गरम पाणी तिथेच निवतं. कुणी दोन भांडी विसळायला गरम नळ सोडला, तर हाताला गार पाणी येतं आणि टाकीतलं तेवढं गरम पाणी पाइपात येऊन मरतं. दिवसातून पाच वेळा असं झालं की ४० लिटर गेलं, २०० लिटरच्या टाकीचा पाचवा भाग! पाइपाला इन्सुलेशन गुंडाळलं, पण दोन नळ उघडण्यात तासाभराचं अंतर पडलं की पुन्हा तीच कथा. पाणी फिरतं ठेवणारा छोटा पंप बसवा, असंही एकाने सुचवलं. विजेशिवाय चालतो म्हणून घेतलेल्या बंबाला विजेचा पंप!

वीज तारेतून येते आणि तार रिकामी करावी लागत नाही. हीट पंपाची टाकी आता बाथरूमच्या भिंतीपलीकडे आहे. तो दुपारी, ऐन उन्हात, टायमरवर चालतो आणि संध्याकाळपर्यंत टाकी भरून तयार. उन्हाळ्यात बंबातलं पाणी उकळत राहायचं आणि कुणाला नको असायचं. आता तेच ऊन पंखे चालवतं.

तक्रारी याही बाजूला आहेत. पंखा घुमतो, म्हणून झोपायच्या खोलीला लागून बसवू नका. हवेतली वाफ गार पडून हीट पंपातून थेंब थेंब पाणी गळतं, त्याला वाट काढून द्यावी लागते. टाकी एकदा संपली की पुन्हा तापायला काही तास जातात. आणि बॅटरीशिवाय ग्रिडला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या वीजपुरवठ्याला, जोडलेले पॅनेल वीज गेली की ऊन असूनही बंद होतात, कारण लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टरच तसा बनवलेला असतो. तुमच्याकडे वीज वरचेवर जात असेल तर बंबाचं पारडं चांगलंच जड होतं.

बाकी क्षाराचा त्रास दोन्हीकडे आहे, तो निवडीत धरू नका.

निर्णयाआधी एक दोरी घ्या आणि टाकीच्या जागेपासून सगळ्यात लांबच्या नळापर्यंत पाइप जाईल त्या वाटेने मोजा. सात-आठ मीटरच्या आत आलं, तर माझं हे पुराण विसरा आणि बिनधास्त बंब घ्या.