रूट कॅनालनंतरही दुखत राहिलेली दाढ : तज्ज्ञांच्या दवाखान्याचा अनुभव

वरच्या पहिल्या दाढेचे रूट कॅनाल होऊन, कॅप बसून काही महिने उलटले तरी चावताना कळ येतच होती, म्हणून मी केवळ रूट कॅनालचेच काम करणाऱ्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दाढ उघडण्याची घाई केली नाही, ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू. पहिली भेट त्यांनी दुखण्याचे मूळ शोधण्यातच घालवली.

उपचारानंतर मुळाच्या टोकाभोवती दाह असल्याने दाढ काही दिवस हुळहुळते, ते स्वाभाविक आहे. मात्र आठवडे लोटूनही दुखणे ओसरत नसेल, तर कारण शोधावेच लागते. डॉक्टरांनी आधी कॅपची उंची तपासली, कारण ती किंचित जरी उंच राहिली तरी प्रत्येक घासाचा भार त्याच दाढेवर येतो. शेजारच्या दातांना थंड लावून त्यांची नस तपासली आणि हिरडीच्या कडेने बारीक सळई फिरवून खोली मोजली. एकाच जागी ती अरुंद फटीत खोल गेली तर मूळ उभे तडकल्याचा संशय येतो आणि अशी दाढ बहुधा वाचत नाही. वरच्या दाढांची मुळे सायनसच्या (गालाच्या हाडातील हवेच्या पोकळीच्या) तळाशी अगदी जवळ असतात, त्यामुळे नाक चोंदते का, खाली वाकल्यावर ठणका वाढतो का, हेही विचारले. जबड्याच्या स्नायूंचे दुखणेसुद्धा दातात जाणवू शकते, म्हणून गाल दाबून पाहिले. ही बारकाई मला फार मोलाची वाटते, कारण दुखणे दाढेबाहेरचे असेल तर दाढ पुन्हा उघडून काहीच साधत नाही.

साध्या एक्स-रेमध्ये मुळे एकमेकांवर पडलेली दिसतात. त्रिमितीय सीबीसीटी स्कॅनमध्ये मात्र गालाकडच्या पुढच्या मुळातील दुसरा कॅनाल, म्हणजे नस असते ती बारीक नळी, भरलेलाच नसल्याचे आढळले. या दाढेत तो बहुतेकदा असतो, पण त्याचे तोंड अरुंद आणि आडोशाला असल्याने सूक्ष्मदर्शकाशिवाय सहज निसटतो. आत उरलेले जंतू मुळाच्या टोकाशी दाह धुमसत ठेवतात. रबर डॅम (दाढेला लाळेपासून वेगळे ठेवणारा रबरी पडदा) लावून जुना गटापर्चा, म्हणजे कॅनालमध्ये भरलेला रबरासारखा पदार्थ, काढला, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने कॅनाल धुतले, दोन भेटींच्या मधल्या काळासाठी आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध ठेवले आणि नंतरच्या भेटीत सर्व कॅनाल नव्याने भरले. चावतानाची कळ त्यानंतर हळूहळू गेली.

उणीव सांगायची तर, मुळाचे टोक शस्त्रक्रियेने काढणे किंवा दाढच काढणे हे पर्याय मी विचारल्यावरच समजावले गेले. ते आधीच, तेही लेखी, मिळायला हवेत. मुळाभोवतीचे हाड भरून यायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो, तरी पुढच्या एक्स-रेची तारीख दवाखान्याने कळवली नाही, मलाच मागून घ्यावी लागली. अशाच तक्रारीसाठी तिथे जाणाऱ्यांनी उपचाराआधीचे आणि नंतरचे जुने एक्स-रे सोबत न्यावेत. तुलनेसाठी डॉक्टर ते आवर्जून मागतात.