ब्लाउजच्या शिलाईला जागा: हॉलचा कोपरा की बंद बाल्कनी?

घरून ब्लाउज शिवून द्यायचे तर फ्लॅटमध्ये सहसा दोनच जागा सापडतात. एक हॉलचा कोपरा, नाहीतर सरकत्या काचांनी बंद केलेली बाल्कनी. मी दोन्हीकडे मशीन चालवलंय.

हॉलची फरशी सपाट, डोक्यावर पंखा, हाताशी प्लग. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला घरभर फिरवावं लागत नाही. घागरा, अनारकली असं घेराचं काम जास्त असेल तर कापायला डायनिंग टेबल लागतंच. त्यांनी खुशाल हॉल धरावा.

हॉलची खोड एकच, उचलाउचल. जेवणाची वेळ झाली की कापलेले तीन-चार ब्लाउज पिशवीत. सकाळी उघडावं तर खडूच्या खुणा पुसलेल्या, टाचण्या निसटलेल्या, मिळत्याजुळत्या रंगांच्या बाह्या एकमेकींत गेलेल्या. बाहीची पुढची बाजू जरा जास्त खोल कापलेली असते, पण खूण गेली की ते चटकन ओळखू येत नाही. उलटी लागली की मुंढ्यात, म्हणजे बाही जोडते तिथे, चुण्या पडतात आणि उसवणं आलं. प्रत्येक ब्लाउज अस्तरासकट वेगळ्या पिशवीत, वर मापाची चिठ्ठी, असं केलं तर घोळ कमी होतो. मांडामांड मात्र रोजचीच. बाल्कनीचं दार लोटलं की अर्धवट काम जिथल्या तिथे राहतं. माझा कल तिथेच ठरला.

बाल्कनीचेही नखरे आहेत. पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार असतो, चार फुटांत सेंटिमीटरभर तरी. पॉवर मशीनचा, म्हणजे मोटरवर चालणाऱ्या भारी मशीनचा, स्टँड त्यावर डुगडुगतो. पुठ्ठ्याची घडी धक्क्यांनी सरकते. प्लायवुडचा तुकडा पायाला स्क्रूने बसवावा, खाली रबर. मशीन तिरकं राहिलं तर तेल एका बाजूला जातं आणि ट्रेमधली पातळीही चुकीची दिसते. क्लच मोटर असेल तर सर्वो मोटर बसवून घ्या. पाय उचलला की ती गप्प होते. क्लच मोटर सतत घुमत राहते आणि खालच्या मजल्यावर ऐकू जाते.

चार फूट रुंदीत मशीन भिंतीलगत लावून स्टुलापुरती जागा उरते. दुसऱ्या टोकाला चार बाय दोनची घडीची फळी ३४ ते ३६ इंचांवर ठोकली की मीटरभर कापड दुहेरी घडीत आरामात मावतं आणि कंबरही धरत नाही.

वीज मात्र हॉलमधून एक्स्टेन्शनने आणू नका, सरकत्या दारात वायर चेपते. हजार वॅटची इस्त्री आणि मशीन दोन्ही चालवायचं तर अडीच एमएमची स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी, अर्थिंगसकट. पावसाळ्यात खिडकीच्या पट्टीतली पाणी जायची भोकं सूत-धाग्यांनी बुजतात आणि पाणी आत वळतं. दर आठवड्याला जुन्या सुईने मोकळी करावीत. रात्री मशीनच्या दाबपट्टीखाली (कापड दाबून धरते ती) चिंधी ठेवावी, नाहीतर सुईवरून ओघळलेल्या तेलाचा पहिला डाग गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या रुबिया कापडावर पडतो.

पडदा लावायचा तो पांढराच. रंगीत पडद्याच्या उजेडात जुळलेला दोरा बाहेर वेगळाच दिसतो. ट्यूबलाइटखालीही हीच फसगत होते, म्हणून रीळ निवडायला हॉलमधूनही शेवटी बाल्कनीतच यावं लागतं.

पश्चिमेची बाल्कनी दुपारी तापते, घडीवर ऊन पडून कापड विटतं. तेवढा वेळ हुक आणि काजं घेऊन हॉलमध्ये बसावं.