पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात : आमच्या घरात झालेली फसवणूक

२०२४ साली गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती. त्या संध्याकाळी मखराच्या मागे लावलेले दिवे पेटवले आणि त्यांचा प्रकाश खालून वर, छताला जवळजवळ घासून जाऊ लागला. पाच दिवसांपूर्वीच रंगकाम पूर्ण झालेल्या त्या छतावर तेव्हा ओळीने उठलेले उंचवटे, पुट्टीच्या, म्हणजे रंगाआधी भिंत सपाट करणाऱ्या पांढऱ्या लेपाच्या, पट्टीचे ओरखडे आणि रोलरचे जाड-पातळ पट्टे इतके ठळक दिसले की आरतीला जमलेली माणसेही मान वर करून पाहू लागली. दिवसा खिडकीच्या उजेडात आणि रात्री ट्यूबलाइटखाली याच छताकडे मी अनेकदा पाहिले होते आणि ते मला गुळगुळीत वाटले होते. हिशेबाचा शेवटचा हप्ताही मी पाच दिवसांपूर्वीच देऊन टाकला होता. घर रंगवायला काढणाऱ्या दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून घडले ते सगळे क्रमाने लिहीत आहे.

आमचे घर डोंबिवलीत, चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर, सुमारे ६४० चौरस फूट चटई क्षेत्राचे आहे. गच्ची गळत असल्यामुळे दिवाणखान्याच्या छतावर दोन ठिकाणी ओलीचे डाग पडले होते. मे महिन्यात सोसायटीने गच्चीचे काम करून घेतले आणि गणपतीपूर्वी घर रंगवायचे असे आम्ही ठरवले. पावसाळ्यात रंग काढू नये हे मला माहीत होते, पण बारा वर्षांत घराला रंग लागला नव्हता आणि त्या वर्षी माहेरची सगळी मंडळी आमच्याकडे येणार होती. दोन ठेकेदारांनी सामानासह चौरस फुटाला ३१ आणि ३३ रुपये असा दर सांगितला होता. तिसरा आमच्या टपालपेटीत टाकलेल्या कार्डावरून आला आणि त्याने २४ रुपये सांगितले. दोन हात (थर) पुट्टी, एक हात प्रायमर (पुट्टी आणि रंग यांच्यामधला थर) आणि चांगल्या कंपनीच्या महागड्या इमल्शनचे (ओल्या फडक्याने पुसता येणाऱ्या रंगाचे) दोन हात, असे त्याने तोंडी कबूल केले. "काकू, घर माझंच समजा, तुम्ही फक्त शेड सांगा," असे तो म्हणाला. कागदावर काहीच लिहून घेतले नाही, ही माझी पहिली चूक होती.

मोजमाप त्याने एकट्याने केले. एका खोलीत टेप धरून तो आकडे पुटपुटत होता आणि वहीत लिहीत होता. शेवटी त्याने २,८६० चौरस फूट असा आकडा सांगितला. म्हणजे ६८,६४० रुपये झाले. माझ्या भाच्याने पुढे तेच घर मोजले तेव्हा दारे, खिडक्या आणि स्वयंपाकघर व न्हाणीघरातील फरशा वजा जाता छत आणि भिंती मिळून २,१५० चौरस फूट भरले. चटई क्षेत्राची साडेतीन पट केली की रंगवायच्या भागाचा ढोबळ अंदाज येतो, असे रंगकामातली माणसे सांगतात. आमच्या घराला तो २,२४० येतो. हा साधा गुणाकार मी त्याच दिवशी केला असता तर सातशे चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे १७,००० रुपयांचे, वाढीव माप तिथेच उघडे पडले असते.

१२ ऑगस्टला काम सुरू झाले. जुन्या छतावर डिस्टेंपर, म्हणजे खडूसारखा स्वस्त रंग, होता आणि तो हाताला पांढरा लागत असे. असा भुसभुशीत थर खरवडून काढल्याशिवाय वर काहीही चढवले तरी ते मूळ प्लास्टरला धरत नाही, जुन्या थरालाच धरते, आणि तो सुटला की सगळेच खाली येते. त्याच्या माणसांनी ओलीच्या डागांपुरते छत खरवडले आणि बाकी सगळीकडे नुसता पॉलिश पेपर (घासायचा खरखरीत कागद) फिरवला. मी विचारले तेव्हा "बाकीचा घट्ट आहे काकू, उगाच प्लास्टर उखडेल" असे उत्तर मिळाले, आणि मी ते मानले.

पुट्टीच्या बाबतीत जे घडले ते मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते, कारण खूण रोज माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला ती वाचता आली नाही. पहिल्या दिवशी नावाजलेल्या कंपनीच्या ४० किलोच्या दोन पिशव्या घरात आल्या. त्यानंतर आलेली पांढरी पावडर साध्या गोणीत होती आणि "तीच आहे, मोठ्या गोणीतून काढलेली" असे मला सांगण्यात आले. मळलेली पुट्टी संध्याकाळी उरली की ती माणसे बादलीवर ओले गोणपाट टाकून जात आणि सकाळी तीच पुट्टी पुन्हा हलवून लावत. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पाण्यात मळली की दोन-तीन तासांत वापरून संपवावी लागते, कारण ती सिमेंटासारखीच घट्ट होत जाते. रात्रभर ठेवलेली बादली सकाळी दगड झालेली असायला हवी होती. आमच्या बादलीतले मिश्रण सकाळी लोण्यासारखे मऊ असे, कारण ते खडूची पावडर आणि डिंकाचे पाणी यांचे मिश्रण होते. वाळल्यावर असे मिश्रण दिसायला पांढरेशुभ्र आणि हाताला गुळगुळीत लागते, परंतु ओल लागली की पुन्हा चिखल होते. डोंबिवलीच्या पावसाळ्यात शेवटच्या मजल्याच्या छताला ओल लागणारच होती.

दोनच पिशव्या आल्या यावरूनही मला शंका यायला हवी होती. बऱ्यापैकी सपाट भिंतीवर एका किलोत दोन हातांचे साधारण १५ ते २० चौरस फूट होतात. त्या हिशेबाने आमच्या घराला तीन ते चार पिशव्या लागल्या असत्या. किलोमागे किती क्षेत्र होते हे पिशवीवर छापलेले असते. रंगाच्या डब्यावरही लिटरमागे किती होते ते छापलेले असते, आणि हा भागाकार घरातले शाळकरी मूलही करू शकते.

काम चालू असताना घरात धूळ फारशी उडाली नाही याचे मला समाधान वाटले होते, आणि शेजारणीलाही मी तसे सांगितले होते. धूळ उडाली नाही, कारण घासकामच झाले नव्हते. पुट्टीचा पहिला हात वाळल्यावर पॉलिश पेपरने घासायचा, दुसरा हात आडव्या-उभ्या दिशा बदलून ओढायचा, तो पूर्ण वाळल्यावर बारीक पेपरने पुन्हा घासायचा आणि मगच प्रायमर लावायचा. छताचा गुळगुळीतपणा रंगात नसतो, या घासण्यात असतो. मान वर करून, डोळ्यांत धूळ घेत, तासन्‌तास हात फिरवत राहण्याचे हे काम रंगकामातले सर्वांत कष्टाचे आहे, आणि म्हणूनच मजुरी वाचवायची असली की सर्वांत आधी तेच टाळले जाते. प्रामाणिकपणे ते करणाऱ्या कारागिरांबद्दल मला पूर्वीपेक्षा आज अधिक आदर वाटतो.

प्रायमरचा डबा मी पाहिला, पण प्रायमर लावताना कोणी पाहिले नाही. त्या दिवशी यजमानांना दवाखान्यात न्यायचे होते. संध्याकाळी परतलो तेव्हा "प्रायमर झाला" असे कळले. पुट्टीही पांढरी आणि प्रायमरही पांढरा, त्यामुळे फरक डोळ्यांना कळणे अवघड होते. प्रायमर नसलेली पुट्टी रंगातले पाणी कुठे कमी, कुठे जास्त शोषून घेते आणि रंग चट्ट्याचट्ट्यांनी वाळतो. आमच्या शयनगृहाच्या भिंतीवर ते चट्टे आजही आहेत.

रंगाच्या डब्यांची झाकणे आधीच उघडलेली होती. मी कारण विचारले तेव्हा ठेकेदार म्हणाला, "टोकन काढायला उघडले, काकू." रंगाच्या डब्यात कंपन्या कारागिरांसाठी टोकन ठेवतात (ते देऊन त्यांना पैसे किंवा बक्षीस मिळते) हे खरे आहे, आणि म्हणूनच ते कारण मला पटले. मात्र टोकन काढायचे असेल तर डबा घरमालकासमोर फोडता येतो. त्या २० लिटरच्या बादलीत वरच्या नावाचा रंग नव्हता, हे मला महिन्याभराने कळले. धुता येणारी म्हणून सांगितलेली भिंत ओल्या फडक्याने हळूच पुसली आणि फडक्यावर रंग उतरला. बादलीवर दुकानात शेड मिसळताना लावतात ती छापील चिठ्ठीही नव्हती. त्या चिठ्ठीवर शेडचे नाव आणि क्रमांक असतो आणि पुढे कधी डागडुजी करायची झाली तर तीच उपयोगी पडते.

छताला रंग लावायला एकच माणूस होता आणि पंखा पूर्ण वेगाने चालू होता. सकाळी त्याने अर्धे छत रंगवले, जेवायला गेला आणि दुपारी उरलेले अर्धे रंगवले. पहिल्या अर्ध्याची कड तोवर वाळून गेली होती, त्यामुळे जिथे नवा रंग तिच्यावर चढला तिथे दुहेरी जाडीचा पट्टा उमटला. तो पट्टा मखराच्या दिव्यांत आडव्या रेघेसारखा दिसत होता.

पैसे मी तीनदा दिले. सुरुवातीला ३०,००० रुपये आणि पुट्टी झाल्यावर २५,००० रुपये दिले. उरलेले १३,६४० रुपये २ सप्टेंबरला दिले, कारण माणसांना गावी जायचे आहे, असे तो दारात उभा राहून सांगत होता आणि मला घर आवरून सजावट सुरू करायची होती. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी केलेला फोन त्याने उचलला आणि "विसर्जन झाल्यावर येऊन टचिंग करून देतो" असे सांगितले. त्यानंतर त्याने फोन घेतलाच नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाहेरच्या भिंतीलगत छताचे पोपडे पडू लागले. त्यातला तळहाताएवढा एक पापुद्रा मी उलटून पाहिला, तर त्याच्या पाठीला जुना डिस्टेंपर जसाच्या तसा चिकटलेला होता.

ग्राहकांसाठी असलेल्या १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नसते आणि तक्रार घरबसल्या दाखल करता येते, ही माहितीही मिळाली. पण तक्रार कोणाविरुद्ध करायची, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. कार्डावर पत्ता नव्हता. बिल नव्हते. मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदीत जे नाव दिसत होते ते कार्डावरच्या नावाहून वेगळे होते. काय कबूल केले होते याचा एकही लेखी शब्द माझ्याजवळ नव्हता, साधा व्हॉट्सॲपचा संदेशसुद्धा नाही. कामाच्या आदल्या दिवशी मी त्याला "दोन हात पुट्टी, एक प्रायमर, अमुक कंपनीच्या अमुक इमल्शनचे दोन हात, इतके चौरस फूट, इतका दर" असा संदेश पाठवून त्यावर "हो" एवढे उत्तर घेतले असते, तरी आज माझी बाजू बरीच भक्कम असती.

जानेवारीत, हवा कोरडी झाल्यावर, दिवाणखाना आणि त्याचे छत पुन्हा करून घेतले. या वेळी सामान मी स्वतः दुकानातून बिलावर आणले आणि कारागिराला केवळ मजुरी ठरवली. त्याने आधी छतावर ओले फडके दहा मिनिटे दाबून धरले आणि मग पट्टीने ओढून दाखवले, तेव्हा आमची 'पुट्टी' सायीसारखी निघून आली. दोन दिवस नुसते खरवडण्यात गेले. पिशव्या आणि डबे माझ्यासमोर फुटले. घासकाम झाल्यावर खोलीत अंधार करून आम्ही भिंतीला टेकवून आडवी बॅटरी धरली, तेव्हा जिथे सावली पडली तिथे त्याने पेन्सिलीने खूण केली आणि तेवढा भाग पुन्हा भरून पुन्हा घासला. असे तीनदा झाले. प्रायमरमध्ये मी त्याला चिमूटभर निळा रंग घालायला सांगितले, म्हणजे तो कुठे लागला आणि कुठे राहिला हे स्पष्ट दिसावे. छताच्या रंगाला दोन माणसे होती, एक कडेने ब्रश मारत होता आणि दुसरा त्याच्यामागोमाग रोलर घेऊन येत होता. पंखा बंद होता, सुरुवात खिडकीच्या बाजूने झाली आणि मधे न थांबता एका दमात छत पूर्ण झाले. त्यांनी चकचकीत रंग न देता बिनचमकीचा रंग सुचवला, कारण चमक असलेल्या रंगात छतावरचा लहानसा उंचवटाही दिसतो.

प्रत्येक थर बॅटरीने तपासल्यावर त्या थराचे पैसे, असे आम्ही ठरवले होते आणि त्याने ते आनंदाने मान्य केले. सामान आणि मजुरी मिळून या एका खोलीला १९,००० रुपये लागले. शयनगृह अजून तसेच आहे. ते पुढच्या हिवाळ्यात त्याच कारागिराकडून करून घ्यायचे आहे, आणि तोवर निघालेले पोपडे मी एका पिशवीत तारीख लिहून जपून ठेवले आहेत.