लाकडी टॉपवॉटर ल्यूर: आधी बैठक ठरवा, मग लाकूड

हाताने टॉपवॉटर ल्यूर, म्हणजे मासा पकडायला पाण्याच्या पृष्ठभागावर ओढायचं खोटं आमिष, करायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला: बाल्सा घेऊ की सीडर? माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला असा, की दोर ढिला सोडल्यावर तुमचा ल्यूर पाण्यावर कसा बसणार? आडवा, शेपूट खाली टाकून तिरका, की जवळजवळ उभा? ही बैठक एकदा ठरली की लाकूड कोणतं आणि तोलासाठी आत घालायचं शिसं किती, हे बऱ्याच अंशी आकडेमोडीनेच सुटतं. उलट्या बाजूने सुरुवात केली, तर सुंदर रंगवलेला ल्यूर हातात येतो आणि पाण्यात पोट वर करून पडतो.

पॉपर, वॉकर की प्रॉपबेट

पॉपरच्या तोंडाला वाटीसारखी खोलगट जागा असते. झटका दिला की ती पाणी ढकलते आणि ‘भुडुक’ असा आवाज येतो. वाटी खोल आणि काठ धारदार असेल तर आवाज जाड येतो, पण ल्यूर जागच्या जागी अडकल्यासारखा वागतो. वाटी उथळ असेल तर तो पाणी थुंकतो आणि थोडा डावी-उजवीकडेही वळतो. पॉपरची बैठक तिरकी ते जवळपास उभी चालते. शेपूट खाली असली की मागचा गळ पाण्यात राहतो आणि खालून येणाऱ्या माशाच्या तोंडात आधी तोच जातो. नवख्याच्या दृष्टीने पॉपरची खरी खुबी वेगळी आहे: तोल थोडा चुकला तरी वाटी आपलं काम करते.

वॉकर म्हणजे साधी सिगारच्या आकाराची काडी. तोंडाला वाटी नाही, जीभ (ल्यूरला खाली ओढणारी पट्टी) नाही, पंखा नाही. दिसायला सगळ्यात सोपा आणि वागायला सगळ्यात हट्टी. दोराला लय धरून छोटे झटके दिले की त्याने नाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फेकत नागमोडी यायचं. हे सगळं शिशाच्या जागेवर आणि दोर बांधायच्या कडीवर अवलंबून असतं. कडी नाकाच्या मधोमध न लावता किंचित खाली, हनुवटीकडे लावली तर नाक सहज वळतं. हेडन कंपनीचा झारागोसा हा लाकडी वॉकर गेल्या शतकातला गाजलेला नमुना. त्याचाच प्लॅस्टिक अवतार, झारा स्पूक, १९३९ मध्ये आला आणि तो शेपूट खाली टाकूनच बसतो. पहिल्या वॉकरसाठी हीच बैठक धरा. आडवा बसणारा वॉकर लांब घसरतो आणि जलद ओढता येतो, पण त्याची लय सापडायला हात तयार असावा लागतो.

प्रॉपबेट, म्हणजे पंख्यांचा ल्यूर, आडवाच बसवायचा. इथे तोलापेक्षा पंखा बसवायचं भोक सरळ पडणं महत्त्वाचं. पंखा मध्यरेषेवर नसेल तर तो अडखळतो. दोन पंखे असतील तर ते एकमेकांच्या उलट फिरायला हवेत, नाहीतर ल्यूरचं अंगच गरगरू लागतं. ड्रिल स्टँड किंवा लेथ हाताशी असेल तर हा करून बघा. नुसत्या चाकू-कानशीवर काम असेल तर सध्या सोडा.

लाकूड म्हणजे उचल

आता लाकडाकडे. १० सेंमी लांब आणि मधोमध २ सेंमी जाड असा सिगार घेतला तर त्याचं आकारमान साधारण २२ घनसेंमी भरतं. म्हणजे गोड्या पाण्यात त्याला फार तर २२ ग्रॅमची उचल मिळते. दोन ट्रेबल (तीन टोकांचे) गळ सुमारे ४ ग्रॅम, कड्या आणि रिंगा १ ग्रॅम, सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप), रंग आणि वरचा थर मिळून २ ग्रॅम. हा ७ ग्रॅमचा खर्च कोणत्याही लाकडाला चुकत नाही. फरक पडतो तो लाकडाच्या स्वतःच्या वजनाने.

बाल्साची घनता घनसेंमीला ०.१६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हा तुकडा साडेतीन ग्रॅमचा. शिशासाठी ११-१२ ग्रॅमची ऐपत उरते. वेस्टर्न रेड सीडर ०.३७ च्या आसपास, तुकडा ८ ग्रॅम, ऐपत ७ ग्रॅम. बासवूड थोडं जड, ९ ग्रॅमच्या वर. पाउलोनिया बाल्सा आणि सीडरच्या मध्ये बसतं. आणि सागवान? ०.६५ धरलं तर १४ ग्रॅमच्या वर. सगळा साज चढवल्यावर एखादा ग्रॅमही शिल्लक राहत नाही. टिकाऊ म्हणून सागवान घ्यायचा मोह होतो, पण या मापाच्या टॉपवॉटरला ते चालणार नाही. जड लाकूड शोभतं ते समुद्रातल्या मोठ्या, हळूहळू बुडणाऱ्या स्टिकबेटला, म्हणजे काडीच्या आकाराच्या ल्यूरला.

सीडरच्या वॉकरमध्ये ४ ग्रॅम शिसं घातलं तर एकूण १९ ग्रॅम झाले आणि ३ घनसेंमी भाग पाण्याबाहेर राहिला. तिरक्या बैठकीला एवढं पुरतं. तेवढंच एकूण वजन बाल्सात हवं असेल तर साडेआठ ग्रॅम शिसं लागेल. बाल्साचं आकर्षण इथेच आहे. वजन लाकडात पसरलेलं नसतं, तुम्ही ठेवाल त्या एका जागी असतं, म्हणून ल्यूर झटक्याला लगेच उत्तर देतो.

पण ते शिसं मावणार कुठे? ८ मिमीच्या भोकात ४ ग्रॅम शिसं ७ मिमी खोली घेतं. साडेआठ ग्रॅमला १५ मिमी लागतात, आणि शेपटीजवळ अंगाची जाडीच १२ मिमी असते. मग दोन भोकं पाडावी लागतात, वजन पुढे सरकतं आणि ज्यासाठी बाल्सा घेतलं तो फायदा निम्मा जातो. टंगस्टनची घनता १९.३ आहे, शिशाची ११.३, त्यामुळे टंगस्टन कमी जागेत बसतं. मात्र शिसं पक्कडीने कापून चिमूटभर कमी-जास्त करता येतं, टंगस्टन कापता येत नाही. पहिल्या ल्यूरला शिशाची तारच बरी. वितळवून ओतायच्या भानगडीत पडू नका. भोकात ओल राहिली असेल तर तापलेलं शिसं अंगावर उडतं. तारेचे तुकडे एपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदाने) बसवले तरी काम तेच होतं. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

बाल्साची दुसरी अडचण म्हणजे त्यात स्क्रू-आय (पिळून बसवायची कडी) धरत नाही. आरपार तार घालावी लागते किंवा कठीण लाकडाची खुंटी बसवून तिच्यात कडी पिळावी लागते. शिवाय बाल्साची घनता तुकड्यागणिक बदलते. एका फळीतून कापलेले दोन तुकडे वजनकाट्यावर वेगळे भरतात, म्हणजे एकाचं शिसं दुसऱ्याला जसंच्या तसं चालत नाही. सीडर बरंच एकसारखं वागतं. फक्त ते रेषांबरोबर चिरतं, तेव्हा कडी लावण्याआधी बारीक ड्रिलने वाट करून घ्यायची. बासवूडला रेषांचा त्रास कमी, कोरीवकामाला ते सगळ्यात गुणी. पॉपरची वाटी कोरायची असेल तर मी बासवूडच उचलेन. वॉकरला सीडर. बाल्सा नंतर कधीतरी.

दात असलेले किंवा दांडगे मासे पकडायचे असतील तर लाकूड कोणतंही असो, आरपार तार घालाच. अंग फुटलं तरी गळ आणि दोर एकमेकांना जोडलेले राहतात.

तोल: बादलीतलं काम

कोरं लाकूड पाण्यात घालून तोल बघू नका, ते पाणी पितं आणि आकडा खोटा येतो. आधी सीलर लावून वाळवा. मग सगळे गळ आणि रिंगा चढवा, शिशाची तार रबरबँडने पोटाखाली बांधा आणि ल्यूर पारदर्शक टबात सोडा. वरून बघून काही कळत नाही. डोळे पाण्याच्या रेषेत आणून बाजूने बघा. तार मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागे-पुढे सरकवली तरी नाकाचा कोन बदललेला दिसतो. हवा तो कोन आला की पेन्सिलने खूण करा आणि पोटाच्या बाजूने भोक पाडा. भोक मध्यरेषेच्या वर नेऊ नका. वजन वर गेलं की गोल अंगाचा ल्यूर कुशीवर कलतो. तपासायची युक्ती सोपी: नाक बोटाने पाण्याखाली दाबून सोडा. एक-दोन हेलकाव्यांत सरळ झाला तर ठीक. कलून वर आला तर शिसं वर बसलंय किंवा मध्यावर नाही.

रंग आणि वरचा थर अजून चढायचा असतो, म्हणून या टप्प्यावर ल्यूर हवा त्यापेक्षा किंचित उंच तरंगू द्या. एपॉक्सीचा जाड थर आघाताला चांगला टिकतो, पण वजन वाढवतो आणि उन्हात पिवळा पडतो. युरेथेन वॉर्निश पातळ बसतं आणि तोल फारसा बिघडवत नाही, मात्र थर जास्त द्यावे लागतात. लहान वॉकरला युरेथेन, आपटला-धोपटला जाणाऱ्या पॉपरला एपॉक्सी, अशी माझी वाटणी आहे.

समुद्रात वापरणार असाल तर खाऱ्या पाण्याची घनता १.०२५ असते. आपल्या २२ घनसेंमीच्या ल्यूरला अर्धा ग्रॅम उचल जास्त मिळते आणि तो थोडा वर येतो. त्यासाठी पुन्हा भोक पाडायची गरज नाही. मागच्या गळाच्या दांडीवर शिशाच्या तारेचे दोन वेढे द्या, किंवा एक माप मोठा ट्रेबल लावा. हाच इलाज गोड्या पाण्यात जरा जास्तच आडव्या बसलेल्या वॉकरलाही चालतो. उलट शेपूट फारच बुडत असेल तर मागचा गळ एक माप लहान करून बघा. तेवढ्यानेही नाक वर राहिलं तर मात्र भोक उकरून शिसं कमी करण्यावाचून गत्यंतर नाही.