आमच्या खेळातली पात्रे उसनी निघाली

मी परभणीत राहतो आणि दिवसा हिशेबाच्या सॉफ्टवेअरची देखभाल करतो. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. त्या उन्हाळ्यात मावशीच्या दारात हंड्या-कळश्यांची जी रांग मी पाहिली होती, तिच्यावरून मोबाइलसाठी छोटा द्विमितीय खेळ करावा, असे मी आणि माझ्या मामेभावाने बऱ्याच वर्षांनी ठरवले. प्रोग्रामिंग मला येते, संगीत त्याला येते, चित्र मात्र दोघांनाही काढता येत नाही. पुढचा सगळा प्रकार या एका उणिवेमुळे घडला.

आम्हाला चार पात्रे हवी होती: परकर-पोलक्यातली मुलगी, नऊवारीतली आजी, टँकरचालक आणि पाणी सोडणारा कर्मचारी. समाजमाध्यमावर एक चित्रकार भेटला. त्याने आठ-दहा नमुने दाखवले, आपण मराठवाड्याचेच असल्याचे सांगितले आणि चारही पात्रांचे २४,००० रुपये ठरवले. "सगळं हातानं काढलेलं आहे सर, पूर्ण हक्क तुमचे," हे त्याचे वाक्य मी व्हॉट्सअ‍ॅपवर जपून ठेवले होते, जणू तो करारच होता. दोन हप्त्यांत १६,००० रुपये यूपीआयने गेले.

पहिली स्प्राइट शीट, म्हणजे पात्राच्या हालचालींची सगळी चित्रे ओळीने मांडलेली एकच फाइल, आली तेव्हा आम्ही खूश झालो, कारण स्थिर चित्र खरोखर छान होते. चूक इथेच झाली. खेळातले पात्र हलण्यासाठी असते, आणि ते हलवून पाहण्याआधीच आम्ही दुसरा हप्ता पाठवला होता. गोडो या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम, म्हणजे हालचालीची एकेक चित्रे, जोडून मुलीला चालवले, तर कमरेवर कळशी असताना तिचे दोन्ही हात मोकळे हलत होते आणि दर पावलाला उजवा हात कळशीच्या आरपार जात होता. डावीकडे वळली की कळशी दुसऱ्या कमरेवर उडी मारायची. आजीचा पदर तर वळण्याप्रमाणे खांदा बदलत होता. एकाच बाजूचे चित्र उलटे करून वापरले की असे होते. अनेक खेळांत ते चालूनही जाते, पण नऊवारीत ते लगेच डोळ्यांत खुपते. मी विचारले, तेव्हा "दुरुस्त करून देतो" असे उत्तर आले.

त्याहून विचित्र गोष्ट शीटच्या खालच्या ओळींत होती. तिथे आमची मुलगी अदृश्य धनुष्याची दोरी ओढत होती, प्रत्येक ओळीत १३ फ्रेममध्ये. पाणी भरणाऱ्या मुलीला धनुर्विद्या कशासाठी, असे विचारल्यावर "पुढच्या भागात लागेल सर, फुकट दिलंय" असे सांगण्यात आले. आज हे लिहितानाही मला स्वतःचे हसू येते, पण तेव्हा मी त्याचे चक्क आभार मानले होते.

उलगडा झाला तो शीटच्या मापामुळे. फाइल ८३२ बाय १३४४ पिक्सेलची होती. पुण्यात खेळांचेच काम करणाऱ्या एका मित्राने ते माप ऐकताच विचारले, "एलपीसी आहे का?" एलपीसी म्हणजे लिबरेटेड पिक्सेल कप, खेळांसाठी मुक्त चित्रे तयार करण्याची २०१२ची स्पर्धा; क्रिएटिव्ह कॉमन्स, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, मोझिला आणि ओपनगेमआर्ट यांनी ती घेतली होती. तिच्यासाठी तयार झालेल्या मूळ शरीराच्या नमुन्यावर जगभरच्या चित्रकारांनी पुढे कपडे, केस आणि शस्त्रे चढवली. त्यात ६४ बाय ६४च्या चौकटी असतात, १३ स्तंभ आणि २१ ओळी. चालण्याच्या प्रत्येक दिशेला ९ फ्रेम, आणि बाण सोडण्याच्या १३. आमच्या चित्रकाराने त्या शरीरावर परकर रंगवला होता, एका चित्रावर कळशी चिकटवली होती आणि धनुष्याच्या ओळी काढून टाकण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

आता कोणी म्हणेल, ती चित्रे मोफतच आहेत, मग बिघडले कुठे? मोफत आहेत, व्यापारी खेळातही चालतात, परंतु मूळ साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एसए ३.० आणि जीपीएल ३.० या खुल्या परवान्यांखाली आहे. बीवाय-एसएखाली ते वापरायचे तर ज्यांच्या कामाचा अंश त्यात आहे त्या सर्वांची नावे द्यावी लागतात आणि त्यावरून तयार केलेले चित्रही त्याच परवान्याखाली खुले ठेवावे लागते. अट मोडली की ३.० आवृत्तीतला परवाना आपोआप संपतो. म्हणजे 'पूर्ण हक्क आमचे' असे लिहून मी खेळ प्रसिद्ध केला असता, तर चोर मी ठरलो असतो. टँकरचालकाचे प्रकरण याहून वाईट निघाले. त्याचे पिक्सेल बाकीच्या पात्रांच्या दुप्पट जाड होते आणि कडेला पुसायचे राहिलेले गुलाबी ठिपके होते. चित्रावरून शोध घेतल्यावर तो एका जुन्या जपानी व्यावसायिक खेळातून सरळ उचललेला आढळला. फक्त सदऱ्याचा रंग बदलला होता.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या वाक्याची किंमतही मला उशिरा कळली. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते; त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरतेच मानले जाते. अर्थात, जे त्याचे नव्हतेच ते त्याने स्टँपपेपरवर लिहून दिले असते तरी आमचे झाले नसते.

मी त्याच्याकडे थरांसह मूळ फाइल मागितली. ज्याने चित्र स्वतः काढले आहे त्याच्याकडे रेषा, रंग, छाया यांचे वेगळे थर किंवा निदान कच्चे आराखडे असतात, आणि ही मागणी पहिला रुपया देण्यापूर्वी करायची असते. आधी त्याने संगणक बिघडल्याचे सांगितले, मग "विश्वास नसेल तर काम कशाला दिलं" असे सुनावले, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे खाते दिसेनासे झाले. १९३० या क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर मी तक्रार नोंदवली. व्यवहारांना महिना उलटून गेल्यामुळे रक्कम गोठवता आली नाही. पोच क्रमांक मिळाला आहे, पैसे मिळालेले नाहीत.

मोफत चित्रांबद्दल माझ्या मनात अढी नाही. केनी या नावाने परिचित असलेला डच निर्माता आपली चित्रे सीसीझिरो या सर्व हक्क सोडून देणाऱ्या परवान्याखाली देतो, त्यांना नाव देण्याचीही अट नसते. आमच्या खेळातली बटणे आता तिथलीच आहेत. एलपीसीची मुलगीही आम्ही सगळी नावे देऊन वापरू शकलो असतो, आणि ते १६,००० रुपयांऐवजी फुकटात झाले असते.

पात्रे मात्र आम्ही नव्याने करून घेत आहोत, छत्रपती संभाजीनगरला चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीकडून. करार दोन पानांचा आहे, पैसे प्रत्येक पात्र हलवून पाहिल्यावर द्यायचे आहेत. काम हाती घेताना तिने पहिला प्रश्न विचारला, "दादा, कळशी डाव्या कमरेवर की उजव्या? दोन्ही बाजूंच्या फ्रेम मला वेगळ्या काढाव्या लागतील." मी मावशीला फोन करून विचारले. डाव्या.